मागचं आकाश

होनस वॅग्नर हे नाव माझ्या कानावर आलं ते पैशाच्या बातमीतून. पिट्सबर्गच्या या बेसबॉलपटूचं, सिगारेट-तंबाखूबरोबर मिळणारं, शंभर वर्षांहून जुनं एक कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं. दीड इंचाहून थोडं अरुंद, अडीच इंचांहून थोडं उंच असं ते पुठ्ठ्याचं चित्र. तेव्हा तंबाखूच्या काळातल्या कार्डांत संग्राहकांचं सर्वांत आवडतं कार्ड हेच असणार, असं मी धरून चालले. न्यू जर्सीत जुन्या कार्डांचा मेळा भरतो, तिथे गेल्यावर टेबलामागे बसलेल्या माणसांना मी हाच प्रश्न विचारत फिरले: तुमचं सर्वांत आवडतं चित्र कोणतं?

वॅग्नरचं नाव एकानेही घेतलं नाही. कुणी म्हणालं ‘हिरवा कॉब’, कुणी ‘गुडघ्यांवर हात ठेवलेला टिंकर’, कुणी ‘कुठलंही टर्की रेड’. त्यानंतर त्यांच्या आपसातल्या गप्पा सुरू झाल्या, टी२०६, टी२०५, टी३, एन१७२, आणि मी पूर्ण गोंधळले. बेसबॉलचे नियमही मला धड ठाऊक नव्हते. घरी आम्ही क्रिकेट बघणारी माणसं.

ही अक्षरं-आकड्यांची भाषा जेफरसन बर्डिक या माणसाची आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा हा साधा नोकरदार संधिवाताने जखडलेला होता. त्याने अमेरिकेतल्या छापील कार्डांची पहिली मोठी सूची १९३९ मध्ये काढली. एन म्हणजे एकोणिसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, टी म्हणजे विसाव्या शतकातली. ई हे अक्षर त्याने गोळ्या-चॉकलेटवाल्यांना दिलं, डी पाववाल्यांना. आपला तीन लाखांहून मोठा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि दुखऱ्या बोटांनी स्वतः तिथे बसून वर्षानुवर्षं तो अल्बमांत चिकटवला. काम संपलं, आणि १९६३ मध्ये तो गेला. त्याच्याविषयी वाचल्यावर ते आकडे मला रुक्ष वाटेनासे झाले.

टी२०६ हा संच १९०९ ते १९११ या काळातला, पाचशेहून जास्त चित्रांचा. अमेरिकन टोबॅको कंपनीच्या पीडमाँट, स्वीट कॅपोरल, सॉव्हरिन अशा सोळा छापांच्या तंबाखूबरोबर तो बाहेर पडला. संग्राहक त्याला ‘मॉन्स्टर’ म्हणतात, कारण तो पुरा करता करता आयुष्य निघून जातं. वॅग्नरचं कार्ड याच संचातलं. त्याने संमती नाकारली आणि छपाई लवकर थांबली, म्हणून ते इतकं दुर्मीळ. पोरांनी त्याच्यापायी तंबाखू घ्यावी हे त्याला नको होतं की मोबदल्याचा प्रश्न होता, यावर अजून वाद चालतो. पण दुर्मीळ असणं आणि देखणं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या टेबलांमागच्या माणसांना हे माझ्या कितीतरी आधी कळलेलं होतं.

एका वयस्कर गृहस्थांनी मला भिंग दिलं आणि म्हणाले, “चेहरा सगळेच बघतात. तुम्ही मागचं आकाश बघा.”

मी बघितलं. खेळाडूच्या पाठीमागे केशरी-पिवळं होत गेलेलं आभाळ, खाली हिरवळ. दुसऱ्या कार्डावर आभाळ गुलाबीकडे झुकलेलं. मुळात हे सगळे चेहरे काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून घेतलेले आहेत. त्यांतले पुष्कळ बोस्टनच्या कार्ल हॉर्नर या छायाचित्रकाराच्या स्टुडिओतले, वॅग्नरचाही त्यातलाच. त्या फोटोंत केशरी नव्हतं, गुलाबी नव्हतं. ते आभाळ छापखान्यातल्या चित्रकाराने आपल्या मनाने घातलं. टाय कॉबची चार चित्रं या संचात आहेत. त्यातल्या एका चेहऱ्यामागे तांबडा रंग, एकामागे हिरवा. तांबडा त्या मानाने सहज मिळतो, हिरवा शोधावा लागतो. पण लोक हिरव्यावर जीव टाकतात ते एवढ्यासाठी नाही, असं मला वाटतं. तांबड्यातला कॉब अंगावर येतो. हिरव्यात तोच माणूस विचार करताना दिसतो. एका रंगाने माणसाचा स्वभाव पालटला. ही करामत कुणाची? कार्डावर खेळाडूचं नाव आहे, संघाचं आहे, पाठीवर सिगारेटचं आहे. चित्रकाराचं नाही.

इथे मला एकदम आपला रविवर्मा छापखाना आठवला. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेला. आजोळच्या देवघरात तिथली लक्ष्मी होती. तंत्र हेच, रंगीत शिळाछापाचं: प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, कागद एकेका रंगाखालून जायचा आणि ठसे किंचित सरकले तरी ओठांचा रंग गालावर यायचा. तिथे निदान रविवर्म्याचं नाव तरी राहिलं. दगडावर रंग वेगळे करणारे हात तिथेही निनावीच.

खेळाडूने संघ बदलला की कार्डांच्या चित्रकारांना तेच चित्र दुरुस्त करावं लागे. बिल डालेनचं कार्ड एकदा बोस्टनचं म्हणून निघालं, एकदा ब्रुकलिनचं म्हणून. संग्राहक असे जोड शेजारी शेजारी लावून बघत बसतात, आणि आता मीही बसते.

कार्डांच्या पाठी, म्हणजे त्यांवरचे छाप, हा आणखी निराळा नाद. पोलर बेअर ही सुटी तंबाखू. कार्ड तिच्यातच पडलेलं असायचं, म्हणून त्याच्यावर तपकिरी डाग. असलं डागाळलेलं कार्ड हौसेने घेणारे आहेत. पाठी चाळताना एका कार्डावर ‘हिंदू’ हे नाव दिसलं आणि मी थबकले. तोही सिगारेटचाच छाप! तपकिरी शाईतला पाहायला मिळतो, लाल शाईतला फार क्वचित. टर्की रेड, फेझ, हसन, मक्का ही नावंही त्याच बाजारातली. पूर्वेकडच्या कुणाचंही नाव घ्यायचं आणि धुराला मोहक करायचं, हा तेव्हाचा धंद्याचा रिवाज. आपलं नाव असं त्या रांगेत बघून मला बरं वाटलं नाही, आणि तरी ते कार्ड हातातून खाली ठेववेना.

आकाशच बघायचं तर टर्की रेड बघावं. बर्डिकच्या सूचीतलं टी३. पावणेसहा इंच बाय आठ इंचांची ही मोठी चित्रं पाकिटात मावणारी नव्हती. सिगारेटची कुपनं साठवून ती मागवावी लागत. तिथे चित्रकाराला ऐसपैस जागा मिळाली आहे आणि त्याने ती वाया घालवलेली नाही. १९११ च्या टी२०५ ला सोनेरी काठ आहे, तो स्पर्शानेसुद्धा झडतो, म्हणून धड कोपऱ्यांचं कार्ड दिसलं की सगळे वाकून बघतात. रॅम्लीच्या १९०९ च्या कार्डांना सोनेरी उठावाची महिरप असते आणि आत लंबगोलात छोटा फोटो. जुन्या घरातल्या तसबिरीसारखी. ती सुंदर आहेत हे मान्य, पण मला चौकटीपेक्षा चित्र प्यारं. १९१२ च्या टी२०७ ची तपकिरी पार्श्वभूमी मला उदास वाटते.

माझं स्वतःचं मत आता तयार झालं आहे आणि ते जाणत्यांना पटत नाही. मला १९११ चं मक्का दुमडकार्ड सर्वांत आवडतं. उघडं असताना एक खेळाडू उभा दिसतो. वरचा भाग दुमडला की त्याच पायांवर दुसऱ्याच खेळाडूचं धड येऊन बसतं. दोघांचे पाय एकच! दोन वेगळ्या माणसांची कंबर एका रेषेत यावी, दोघांचा तोल खरा वाटावा, म्हणून त्या चित्रकाराने किती वेळा पुसून काढलं असेल. बाकीच्या कार्डांत तो आकाशामागे लपलेला आहे. इथे घडी घालता घालता त्याने मोजलेली मापं बोटांना कळतात. मळकट आणि घडीवर विरलेलं एक मला परवडलं, ते मी घेतलं.