२,१४,७४,८३,६४७ : काही टिपणे

• वाचायची तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. गणिती एवढा दम लावत नाहीत. २ चा ३१ वा घात, वजा १, संपलं.

• जात : मूळ संख्या. पोटजात : मर्सेन, म्हणजे दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणारी मूळ संख्या. ३, ७, ३१, १२७ याच कुळातल्या. ही आठवी.

• इटलीच्या काताल्दीनं १७ आणि १९ या घातांच्या संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं आणि त्या भरात २३, २९, ३१, ३७ हेही चालतात असं सांगून टाकलं. २३ च्या संख्येला ४७ नं भाग जातो, २९ च्या संख्येला २३३ नं, ३७ च्या संख्येला २२३ नं. चारांतला एकच खरा निघाला, ३१.

• तो खरा ठरवला स्विस गणिती ऑयलरनं, १७७२ मध्ये, सेंट पीटर्सबर्गला. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली. ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं तर साडेचार हजारांहून जास्त भागाकार. पण या संख्येला विभाजक असलाच, तर त्याला २४८ नं भागून बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी. एवढ्या एका अटीनं बहुतेक उमेदवार बाद. अर्धं गणित म्हणजे काय करायचं नाही हे ठरवणं.

• २ चा ३० वा घात गुणिले ही संख्या = २३०५८४३००८१३९९५२१२८. परिपूर्ण संख्या : स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज पुन्हा तीच. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडेल असं वाटत नाही, असं इंग्लंडच्या बार्लोनं १८११ मध्ये लिहिलं. १८७६ मध्ये फ्रान्सच्या ल्युकासनं २ चा १२७ वा घात वजा १ ही मूळ असल्याचं दाखवलं, आणि तिच्यासोबत त्याहून कितीतरी मोठी परिपूर्ण संख्या आलीच.

• जोडमूळ, म्हणजे दोनच्या अंतरावर दुसरी मूळ संख्या असलेली, नाही. दोननं कमी केली तर शेवटी ५. दोन मिळवले तर ३ नं भाग जातो. अलीकडची मूळ संख्या १८ नं मागे, पलीकडची १२ नं पुढे.

• देवळालीच्या कापरेकर मास्तरांची ‘हर्षद’ कसोटी : अंकांच्या बेरजेनं संख्येला भाग जायला हवा. इथं बेरीज ४६, संख्या मूळ, नापास. पण हा निकाल दशमान लेखनाचा. द्विमानात हीच संख्या म्हणजे ओळीनं ३१ एक्के, उलटसुलट सारखी. दशमानात तो डौल गायब. मूळपण मात्र कुठल्याही लिपीत, कुठल्याही पायात तेच. गुण नोंदवताना आधी विचारावं, हा संख्येचा की आपल्या लिहिण्याचा?

• संगणकातली तिची ओळख दुसऱ्या प्रकारातली, लिहिण्यातून आलेली. ३२ बिटांतला एक चिन्हाला गेला की उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजणारी जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला, भारतात सकाळी ८:४४:०७ वाजता, इथं पोचतील. पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होऊन डिसेंबर १९०१.

• ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याच्या व्हिडिओची प्रेक्षकसंख्या याच मर्यादेला भिडली, त्या निमित्तानं यूट्यूबनं २०१४ मध्ये आपला मोजणी-आकडा ६४ बिटांचा केला. नवी मर्यादा २ चा ६३ वा घात वजा १. प्रचंड, पण ६३ ला ३ नं भाग जातो, म्हणून या नव्या संख्येला ७ नं. मर्यादा वाढली, मूळपण गेलं. यंत्राला दोन्ही सारखंच.