फुकटचं प्यादं

बुद्धिबळात सगळ्यात स्वस्त काय, तर प्यादं. आमच्या घरात मात्र तेच सगळ्यात महाग! बाबांनी शहाडच्या कारखान्यात तीन शिफ्टमध्ये नोकरी केली, पै पै जोडून वन बीएचके घेतला. असा माणूस पटावर तरी काही फुकट देईल का? त्यातून ते शिकले आजोबांकडून, देशी पद्धतीने. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकायचं. म्हणजे झटपट मधली घरं काबीज करणं वगैरे भानगडच नाही. आधी तटबंदी, मग बघू.

जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि आमचा पट माळ्यावरून खाली आला. तेव्हापासून दर रविवारी बाबा विरुद्ध मी. आठवडाभर लोकलमध्ये, बसायला मिळालंच तर, मी मोबाइलवर जुने डाव बघते.

त्यातला माझा लाडका डाव १८९५चा, हेस्टिंग्जचा. स्टाइनिट्झ विरुद्ध फॉन बार्डेलेबेन. स्टाइनिट्झ तेव्हा ५९ वर्षांचा, जगज्जेतेपद आदल्याच वर्षी लास्करकडे गेलेलं. सुरुवात इटालियन. मधली प्यादी भिडतात, मारामारी होते आणि डी४वर पांढऱ्याचं एक एकटं प्यादं उरतं. काळ्याचा राजा अजून मधोमधच, किल्लेकोट राहिलेला. १७व्या खेळीला स्टाइनिट्झ ते प्यादं डी५वर ढकलतो. घ्या, खा! कारण काय, तर त्याच्या घोड्याला हवं असलेलं घर त्याच्याच प्याद्याने अडवलंय. प्यादं जातं, घोडा डी४वर येतो, तिथून ई६वर, थेट राजाच्या छाताडावर. पुढे २२व्या खेळीला हत्ती राजाला खेटून उभा राहतो. राजाने मारला तरी पंचाईत, वजिराने मारला तरी पंचाईत. तोच हत्ती मग शह देत देत एकेक घर सरकतो. २५व्या खेळीनंतर बार्डेलेबेन उठला आणि एक शब्द न बोलता हॉलबाहेर गेला. त्याचं घड्याळ आपलं चालूच! पुढची मात कशी झाली असती, ते स्टाइनिट्झने प्रेक्षकांना करून दाखवलं.

गेल्या रविवारी मी हाच डाव बाबांसमोर मांडला. म्हटलं, आज पटवतेच, मधलं प्यादं उधळण्यात काय मजा आहे ते. डी५ खेळून थांबले. "बाबा, तुम्ही काळे. काय कराल?"

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ गप्प.

"नाही घेणार."

"अहो, फुकट मिळतंय!"

"म्हणून तर नाही घेणार. आधी हा राजा बाजूला करतो." आणि त्यांनी राजा एफ७वर ठेवला.

आता गंमत ऐका. नंतरच्या विश्लेषकांनी बार्डेलेबेनला हीच खेळी सुचवलीय! बाबांनी ना पुस्तक उघडलेलं, ना ॲप. मी काही बोलले नाही, तिथून पुढे खेळायला लागले. माझा हल्ला दहा-बारा खेळ्या धुमसला आणि विझला. जेवणं थंड झाली, आई दोनदा ओरडून गेली. डाव बरोबरीत सुटला. उठण्याआधी बाबांनी सवयीने दोन्हीकडची प्यादी मोजली.


"पाच-पाच," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी पांढरे माझे."