मोकळी जागा

रद्दीवाला दारात आला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. पत्नीच्या मते महिन्यापूर्वीचे वर्तमानपत्र म्हणजे रद्दी; माझ्या मते त्यात केव्हा तरी लागेल असे काहीतरी असतेच. शाळामास्तर आणि त्यातून कादंबरीकार, म्हणजे कागद जपण्याचे व्यसन दुहेरी! पण अलीकडे माझी बाजू लंगडी पडली आहे, आणि त्याला कारण माझा भाचा.

हा भाचा पुण्यात बसून परदेशातल्या एका बँकेच्या मेनफ्रेमवर रात्रपाळीने पहारा करतो. मेनफ्रेम म्हणजे बँकेचे सारे व्यवहार पेलणारा अजस्र संगणक. आय.बी.एम.ने 1964 साली सिस्टिम 360 नावाची जी यंत्रे जाहीर केली, त्यांच्याच वंशातला. कोणते काम केव्हा सुरू झाले, केव्हा संपले, याच्या नोंदी तो स्वतःच लिहीत असतो. त्यासाठी वह्या ठरलेल्या. एक भरली की दुसरी उघडायची आणि पहिलीतला मजकूर अन्यत्र उतरवून ती कोरी करायची. साऱ्याच वह्या भरल्या तर? एवढ्या शहाण्या यंत्राला ते आपोआप कळत असेल, असे मला वाटले होते.

"नाही मामा," तो म्हणाला, "ते आपण आधी सांगून ठेवायचं. नोंदी बुडाल्या तरी काम चालू दे, असं तरी सांगायचं; नाहीतर नोंद होत नसेल तर थांब, असं."

या यंत्रावर नजर ठेवायला आणखी एक संगणक, सर्व्हर, असतो. मेनफ्रेमकडून येणाऱ्या नोंदी तो रात्रंदिवस साठवतो. एका रात्री त्याची डिस्क काठोकाठ भरली. मेनफ्रेम धडधाकट होता. आंधळा झाला तो पहारेकरी. पडद्यावर धोक्याची एकही खूण नव्हती, कारण खूण लिहायलाही जागा उरली नव्हती. राखणदार ओरडला नाही म्हणजे चोर आला नाही, असे थोडेच आहे?

भाच्याने सर्वांत मोठी फाईल शोधून पुसली. यादीतून तिचे नाव गेले. जागा मात्र तसूभरही सुटली नाही. लिनक्सची रीतच तशी आहे. एखादा प्रोग्रॅम फाईल उघडून लिहीत बसला असेल, तर नाव पुसले तरी तो ती सोडीपर्यंत मजकूर डिस्कवरच राहतो. प्रोग्रॅम बंद केला की जागा मोकळी. तो बंद करणार, तेवढ्यात शेजारचे एक वयस्क सहकारी म्हणाले, "थांब. डिस्क का भरली, ते त्यातच लिहिलेलं असेल." प्रोग्रॅम चालू आहे तोवर ती फाईल मागच्या दाराने दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येते. तशी ती घेतली, मगच प्रोग्रॅम बंद केला. सकाळी वरिष्ठांनी कारण विचारले तेव्हा दाखवायला पुरावा होता; नाहीतर पोराच्या नोकरीवरच बेतले असते.

आता तिथे लॉगरोटेट नावाची व्यवस्था बसवली आहे. आठवड्याला नवी फाईल. जुनी दाबून लहान करायची. चार आठवड्यांपलीकडची पुसून टाकायची. घाईत पुसणारा हात सर्वांत मोठी वस्तू आधी उचलतो, आणि नेमके हवे असलेले तिच्यातच असू शकते. म्हणून काय पुसावे हे जागा पुष्कळ असतानाच ठरवावे. माझ्या पक्षाचा पराभव झाला आहे तो इथे. सगळेच जपणाऱ्याला एक ना एक दिवस घाईत पुसावे लागते.

शाळेच्या दप्तराला हे शहाणपण फार पूर्वी सुचले आहे. हजेरीपत्रके ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायची; जनरल रजिस्टर मात्र कायमचे. गेल्या वर्षी एक तरुण आजोबांच्या नावाचा उतारा मागायला आला. 1931 सालच्या पानावर नाव, जन्मतारीख, गाव, सारे एका ओळीत सापडले. आजोबा किती दिवस शाळेत आले, हे मला सांगता आले नाही. ते आले होते, एवढे सांगता आले. आणि त्या मुलाचे काम तेवढ्याशीच होते.