पाण्याच्या वाटेने : हिंगोलीच्या घरी धाडलेली पत्रे

पत्र पहिले
दिवाडी बेट, गोवा

तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार.

समुद्रावर महिनोन्महिने राहण्यासाठी बांधलेली शिडाची बोट वाऱ्यावर चालते हे खरे असले, तरी तिच्या पोटात एक लहानसे डिझेल इंजिन, गोड्या पाण्याच्या टाक्या, निरनिराळे पंप, शौचालय, स्वयंपाकघराचे नळ आणि या सर्वांना जोडणारे असंख्य सांधे असतात; आणि लांबच्या प्रवासात खलाशांचे पुष्कळसे श्रम शिडांवर नव्हे, तर या सांध्यांवर खर्च होतात. हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही कयाधूच्या काठावर ज्याने विहिरीवरचे इंजिन उघडून पुन्हा चालू केले आहे, ज्याला फूटवॉल्व का सुटतो आणि पंप हवा का धरतो हे ठाऊक आहे, त्याला अशा बोटीचे अंतरंग परके वाटण्याचे कारण नाही. ही पत्रे आबांना उद्देशून आहेत ती याच समजुतीने.

दिवाडी हे मांडवी नदीतील बेट असून जुन्या गोव्याहून तेथे फेरीबोटीने जाता येते. याच बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या अॅक्वेरियस शिपयार्डमध्ये भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची नौका बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. आराखडा डच, बांधणी गोव्याची, सांगाडा लाकडी पट्ट्यांचा आणि त्यावर फायबरग्लासचे थर, असे तिचे स्वरूप आहे. एका भारतीयाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहत आणि तेथूनच त्यांनी या उपक्रमाचा पाठपुरावा केला. कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडली व फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन या चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये ते मुंबईस परतले. पुढे अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

बोट बांधताना पाहिली म्हणजे प्रथम ध्यानात येते ती एक विसंगत वाटणारी गोष्ट : जी वस्तू पाणी बाहेर ठेवण्यासाठी आहे, तिच्या तळाला मुद्दाम भोके पाडलेली असतात. इंजिन थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी आत घ्यावे लागते, शौचालयाचे व मोरीचे पाणी बाहेर सोडावे लागते, आणि अशा प्रत्येक भोकावर सी-कॉक, म्हणजे तळालाच घट्ट बसवलेली धातूची तोटी, असते. त्या तोटीला जोडलेला रबरी होज निसटला आणि भोक दीड इंच व्यासाचे, पाण्याखाली दोन फूट असले, तर मिनिटाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी आत येते, असा हिशेब साध्या जलशास्त्रावरून मांडता येतो. हाताने चालवायच्या पंपाला तेवढे पाणी फार काळ उपसता येत नाही. म्हणून जाणते खलाशी प्रत्येक होजवर एकाऐवजी दोन क्लॅम्प आवळतात, तोट्या अडकू नयेत म्हणून त्या नियमाने उघडतात व मिटतात, आणि प्रत्येक तोटीजवळ तिच्या मापाचे निमुळते लाकडी बूच दोरीने बांधून ठेवतात. बोटीची पारख तिच्या चकचकीत लाकूडकामावरून न करता, अंधारात, बोट कलंडलेली असताना तिच्या प्रत्येक तोटीपर्यंत हात पोहोचतो की नाही यावरून करावी. ज्या सांध्यापर्यंत पाना जात नाही, तो सांधा कितीही उत्तम असला तरी समुद्रावर तो निरुपयोगी ठरतो.

पत्र दुसरे
वेरे, मांडवीच्या उत्तर तीरावर

तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार.

शिडाच्या बोटीला इंजिन लागते ते बंदरात शिरताना, वारा पडल्यावर आणि बॅटऱ्या भरण्यासाठी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली की ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. त्यामुळे क्रँक नीट फिरत असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर बहुतेक वेळा दोष इंधनाच्या वाटेवर सापडतो. ती वाट ठरलेली आहे : टाकी, पाणी वेगळे करणारा पहिला फिल्टर, फीड पंप, दुसरा बारीक फिल्टर, इंजेक्शन पंप आणि शेवटी नोझल. या वाटेवर कोठेही हवेचा बुडबुडा शिरला तर दाब हवेलाच चेपण्यात खर्च होतो व नोझल उघडत नाही. विहिरीवरच्या इंजिनाची जशी ‘एअर काढतात’, तशीच येथेही काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करायचा, फीड पंपाचा हातखटका बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत मारायचा, स्क्रू आवळायचा आणि मगच पुढच्या सांध्याकडे वळायचे. हा क्रम मोडून थेट नोझलचे नट सैल करणाऱ्याला मागे राहिलेली हवा पुन्हा पुन्हा छळते.

समुद्रावर या दोषाला एक निराळे कारणही असते. उष्ण व दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीच्या भिंतींवर दव धरते, ते पाणी डिझेलखाली तळाला साचते, आणि पाणी व डिझेल जेथे भेटतात त्या पातळीवर बुरशी व जिवाणू वाढून काळपट चिकट गाळ तयार होतो. बंदरात उभ्या बोटीत तो तळाशी निवांत पडून राहतो. परंतु लाटा उसळल्या की तो ढवळला जाऊन फिल्टर चोंदवतो, म्हणजेच खडकाळ किनाऱ्याजवळ वादळात इंजिनाची सर्वांत अधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी ते बंद पडते. टाकी शक्यतो भरलेली ठेवणे, फिल्टरच्या काचेच्या वाटीत खाली उतरलेले पाणी वरचेवर सोडून देणे आणि सुट्या फिल्टरांचा साठा बाळगणे हे उपाय क्षुल्लक वाटले, तरी बहुतेक संकटे त्यांनीच टळतात.

थंड करण्याच्या व्यवस्थेत मात्र बोटीचे इंजिन शेतातल्या इंजिनाहून वेगळे आहे. खारे पाणी इंजिनाच्या अंगात थेट खेळवले तर ते लोखंड खाते. म्हणून आत गोड्या पाण्याचा बंद फेरा असतो आणि त्याची उष्णता हीट एक्स्चेंजर नावाच्या नळकांड्यात समुद्राच्या पाण्याला दिली जाते. हे समुद्राचे पाणी पुढे धुराच्या नळीत सोडलेले असते व धुराबरोबर बोटीच्या मागच्या अंगाने बाहेर पडते. त्यामुळे इंजिन सुरू होताच जाणता माणूस तापमानाच्या काट्याआधी मागे वाकून पाहतो : धुरासोबत पाणी उडते आहे ना? उडत नसेल तर इंजिन तत्काळ बंद करून तोटी उघडी आहे का, तिच्यापुढच्या गाळणीत शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली आहे का, आणि शेवटी पंपाचा रबरी इंपेलर शाबूत आहे का, हे याच क्रमाने पाहावे लागते. इंपेलर कोरडा फिरला की त्याच्या पाकळ्या फार लवकर तुटतात. नवा इंपेलर बसवून काम संपत नाही. तुटलेल्या पाकळ्यांचे तुकडे जुळवून पाहिले पाहिजेत, कारण हरवलेला तुकडा पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो आणि इंजिन पुन्हा तापते.

येथेच एक धोका सांगितला पाहिजे, तो फारसा कोणी सांगत नाही. सुरू न होणारे इंजिन बराच वेळ क्रँक करत राहिले, तर पंप समुद्राचे पाणी धुराच्या नळीत ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकणारा धूर मात्र नसतो; परिणामी सायलेन्सर भरून पाणी उलट सिलिंडरमध्ये उतरते. म्हणून दीर्घ क्रँकिंग करताना समुद्राची तोटी बंद ठेवावी आणि इंजिनाने पेट घेताच ती उघडावी. धुराचा रंग तर आबांना वेगळा सांगावयास नको : काळा धूर हवा कमी किंवा ओझे जास्त असल्याचा, निळा इंजिन ऑइल जळत असल्याचा, आणि पांढरा न जळलेल्या डिझेलचा अथवा वाफेचा असतो.

पत्र तिसरे
वेरे

तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार.

बोटीच्या तळघरात, ज्याला बिल्ज म्हणतात तेथे, पाणी दिसले की पहिला प्रश्न किती हा नसून कोणते हा असतो. रंग व वास पाहून डिझेल किंवा इंजिनातील विषारी कूलंट नाही याची खात्री झाल्यावर एक थेंब जिभेवर ठेवला, की शोधाची दिशा ठरते : खारट असेल तर तळाच्या तोट्या, सुकाणूचा दांडा आणि पंख्याच्या दांड्याचे पॅकिंग तपासावे, गोडे असेल तर बोट सुरक्षित आहे, पण पिण्याचे पाणी चालले आहे. दाबावर चालणारा पंप एकही नळ उघडा नसताना मधूनच घुर्रकन वाजत असेल, तर तोही याच दुसऱ्या दोषाची वार्ता देतो.

काही बोटींवर समुद्राचे पाणी गोडे करणारे आरओ यंत्र असते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्याने ते पडद्यातून पार करण्यास वातावरणाच्या पन्नासपट व त्याहून अधिक दाब लागतो. तेलकट पाण्याने आणि क्लोरीन मिसळलेल्या नळाच्या पाण्याने हा पडदा कायमचा बिघडतो, म्हणून बंदरात हे यंत्र चालवू नये.

शौचालयाविषयी लिहिण्यास संकोच नसावा, कारण लांबच्या प्रवासातील कष्टांचा मोठा भाग तेथेच असतो. समुद्राचे पाणी व लघवी यांच्या संयोगाने नळीत चुन्यासारखा कठीण थर जमतो, नळी आतून अरुंद होते आणि पंपाचा दांडा जड चालू लागतो. शिर्क्याने हा थर हळूहळू विरघळतो. परंतु अधिक गंभीर दोष असतो तो उलट वाहण्याचा. शौचालयाचे भांडे समुद्राच्या पातळीखाली असल्यास नळीत एकदा सलग पाणी भरले की समुद्र स्वतःच आत वाहू लागतो. डिझेल काढताना नळीने एकदा तोंडाने ओढल्यावर धार जशी आपोआप चालू राहते, त्याच नियमाने. हे टाळण्यासाठी नळीला पाण्याच्या पातळीवर उंच कमान देऊन तिच्या माथ्यावर हवा आत घेणारी झडप बसवतात. ती झडप मिठाने बसली की कमानीचा उपयोग संपतो.

पत्र चौथे
मुंबई

तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार.

याच मुंबईत सागवानी लाकडाची ‘सुहेली’ ही ३२ फुटी नौका बांधली गेली आणि तीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात, एकट्याने व न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य होण्याचा मान मिळवला. प्रवासाच्या आरंभीच फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा ते स्वतः बोटीखाली बुडी मारून बाहेरून फट बुजवून आले. पुढे वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र मोडले, तेव्हा त्यांनी शिडांचा समतोल साधून बोट चालवली. मोडलेली वस्तू दुरुस्त करणे आणि तिच्यावाचून चालवणे या दोन भिन्न विद्या आहेत, आणि समुद्रावर दोन्ही लागतात.

तिसरीही एक आहे : कोणता दोष समुद्रावर दुरुस्त करू नये हे ओळखणे. दिवाडीच्याच शिपयार्डमध्ये बांधलेली ‘तारिणी’ १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाली तेव्हा तिच्यावर लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या. केप हॉर्न ओलांडून, केपटाउन मागे टाकून घराकडे येत असताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. अशा नौकेत चाकाची हालचाल दोर किंवा दांड्यांमार्फत सुकाणूच्या माथ्याशी पोहोचते, आणि ही जोडणी तुटल्यास माथ्यावर थेट बसवायचा एक आणीबाणीचा दांडा जवळ ठेवण्याचा प्रघात आहे. त्याने बोट वळते, पण बळ फार लागते आणि हजारो मैल तसे जाणे शहाणपणाचे नसते. मूळ योजनेत नसतानाही नौका मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात नेण्यात आली, दुरुस्ती झाली आणि २१ मे २०१८ रोजी ती गोव्यास पोहोचली. या थांब्याला प्रवासातील उणीव समजणे अन्यायाचे होईल. तो निर्णय इतर कोणत्याही दुरुस्तीइतकाच कौशल्याचा होता.

तीच ‘तारिणी’ २ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा निघाली, या वेळी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनाच घेऊन, आणि मे २०२५ च्या अखेरीस परतली. वाटेत त्यांनी दक्षिण पॅसिफिकमधील पॉइंट निमो ओलांडला. जगातील कोणत्याही किनाऱ्यापासून सर्वांत दूर असलेल्या या बिंदूपासून जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटरवर आहे. सहा जणींच्या बोटीत कामे वाटून घेता येतात. दोघींच्या बोटीत एक झोपलेली असताना दुसरीलाच शीड, सुकाणू आणि इंजिन सांभाळावे लागते. म्हणून प्रत्येक तोटी कोठे आहे, कोणत्या फिल्टरला कोणता पाना लागतो आणि सुटा इंपेलर कोणत्या कप्प्यात ठेवला आहे, हे दोघींनाही सारखेच ठाऊक असावे लागते.

घरातील वडीलधाऱ्यांस नमस्कार व लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.