एका आकाराचे तीन क्रमांक

कीलाक्षरांच्या पाटीचा फोटो उघडला की मी आधी सावल्या पाहतो. बोरूने ओल्या मातीत उमटवलेली खूण म्हणजे रेघ नव्हे, खड्डा. उजेड तिरपा असेल तर पाचर ठसठशीत दिसते. समोरून सपाट पडला की शेजारच्या दोन पाचरा एक होऊन बसतात. ही झाली डोळ्यांची कटकट. सवयीने सुटते.

खरी अडचण पाटी संगणकात उतरवताना येते. प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये सुमेरी-अक्कादी कीलाक्षरं २००६ साली आली. नमुन्याच्या आकृत्या घेतल्या त्या मुख्यतः उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या, म्हणजे इसवी सनापूर्वी २१व्या शतकाच्या आसपासच्या. लिपी मात्र पुढेही दोन हजार वर्षं चालली. ‘आन’, आकाशाचं चिन्ह, आरंभी चक्क आठ टोकांचा तारा होता. पुढे असिरियन राजधानी निनवेच्या लेखनिकापर्यंत पोचता पोचता त्याच्या मोजक्या पाचरा उरल्या. क्रमांक दोन्हींचा एकच, वळण फॉन्टने सांभाळायचं. आपला ‘ल’ आणि हिंदीचा ‘ल’ यांचंही तसंच आहे की!

गाठ बसते ती उलट्या बाजूने. कू, तुग आणि एश ही जुनी तीन वेगळी चिन्हं. तुग म्हणजे वस्त्र, एश म्हणजे दोर. नव-असिरियन काळात तिन्हींचा आकार एक झाला, पण युनिकोडने क्रमांक तीन ठेवले. त्याच काळातल्या असिरियन राजा असुरबनिपालच्या ग्रंथालयातली पाटी उतरवताना समोर आकृती एकच, आणि यंत्र विचारतं, यातली कोणती? उत्तर आकृतीत नसतं, वाक्यात असतं. ‘दिसतं तेवढंच उतरवा, अर्थाच्या भानगडीत पडू नका’ हा सल्ला मला म्हणूनच कधी पटला नाही.

तरी तीन क्रमांक ठेवले ते बरंच केलं. एकच ठेवला असता तर जुन्या लेखनिकांनी पाळलेला भेद संगणकात पुसला गेला असता. उत्तरकालीन पाट्यांत शोधताना मी तिन्ही एकत्र धरतो, तेवढा उपद्व्याप परवडतो.

आणि पाटी नेमकी तिथेच फुटली असेल तर? रोमन लिप्यंतरात शंकेला प्रश्नचिन्ह आहे, तुटक्या भागाला चौकटी कंस आहेत. क्रमांकाला शंका येत नाही. तो असतो किंवा नसतो. त्यामुळे मी आधी लिप्यंतर करतो आणि कीलाक्षरांची ओळ त्यावरून यंत्राकडूनच काढून घेतो. वाचन बदललं की चार हजार वर्षांपूर्वीची चिन्हंही निमूट बदलतात.