समुद्रफेनाच्या आत

हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन झालं की मंडळी बामणघळीकडे वळतात. मी भरतीच्या रेषेवर समुद्रफेन शोधत हिंडते. फेन कसला, म्हाकुळाच्या जातभाईच्या पाठीतलं ते हाड. खरं तर हाडही नव्हे, कॅल्शियम कार्बोनेट. वैद्यांना ते ठाऊक असतं, पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायलाही अडकवतात. मला हवा असतो तो त्याचा स्कॅफोल्ड, मूळपेशींनी ज्यावर हाड धरावं असा सांगाडा.

उभा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मजल्यावर मजले दिसतात. दोन मजल्यांत काही शे मायक्रॉनचं अंतर, मध्ये नागमोडी भिंती, आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसती पोकळी. तिच्यातलं पाणी नि वायू कमीजास्त करून तो प्राणी समुद्रात हवा तेवढा वर-खाली होतो. हाडाच्या पेशींना शंभर मायक्रॉनहून अरुंद वाट पुरत नाही. तीनशेच्या पुढे रक्तवाहिन्याही सुखाने शिरतात. पॉलिमरमध्ये मीठ घालून, ते विरघळवून आम्ही जी छिद्रं पाडतो ती यापुढे ओबडधोबडच.

पाठीचं कठीण कवच तासायचं, ब्लीचमध्ये ठेवून सेंद्रिय भाग घालवायचा, मग अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या द्रावणात, बंद पात्रात, २०० अंशांवर तासन् तास. कार्बोनेटच्या जागी हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट येतं, म्हणजे आपल्या हाडातल्या खनिजाचं सख्खं भावंड, आणि नक्षी तशीच राहते. डेला रॉय आणि सारी लिनेहान यांनी १९७४ साली पोवळ्यावर हे करून दाखवलं होतं. पण पूर्ण रूपांतर करावं का? कार्बोनेट शरीरात लवकर विरघळतं, अ‍ॅपटाइट वर्षानुवर्षं हलत नाही. सांगाडा आधीच गेला तर नवं हाड ढासळतं; रेंगाळला तर त्याचीच वाट अडवतो. मी भट्टी लवकर बंद करण्याच्या पक्षाची आहे: वर अ‍ॅपटाइटचा थर, आत कार्बोनेट.

खरी कटकट पेशी पेरताना. वरून थेंब सोडला तर त्या वरच बसतात, आणि रक्तवाहिनी नसलेल्या दाट पेशींत प्राणवायू दोनशे मायक्रॉनच्या पलीकडे फारसा पोचत नाही. हाड धरलंय का हे पाहायला नेहमीचा अ‍ॅलिझरिन रेड इथे कुचकामी. सांगाडाच कॅल्शियमचा, तो आधीच लालेलाल होतो. म्हणून निदान पेशी जगल्यात का ते पाहायला, जिवंत पेशी हिरव्या नि मेलेल्या लाल दाखवणारे रंग वापरायचे. कडा हिरव्यागार, मधोमध लाल ठिपके, हे चित्र पाठ झालंय. यावर पंपाने पोषणद्रव आरपार ढकलणं हाच उपाय, तोही प्रवाह मजल्यांना समांतर असेल तरच. आडवा बसवला की प्रत्येक मजला आडवा येतो. ओल्या तुकड्यात दिशा कळत नाही, म्हणून कापतानाच एका कोपऱ्याला खाच पाडून ठेवते.