ब्रॉसार्डच्या टेबलावरची भेग



या उन्हाळ्यात आम्ही दोघे अश्दोदहून लेकीकडे कॅनडाला जाऊन आलो. मॉन्ट्रियलहून सेंट लॉरेन्स नदीवरचा शांप्लेन पूल ओलांडला की ब्रॉसार्ड लागते. जमीन पोळपाटासारखी सपाट! ना डोंगर, ना घाट.

नात दहा वर्षांची. शाळेत भूकंप शिकवलेला. पहिल्याच रात्री विचारते, "आजी, आपल्या घराखालून भेग जाते का गं?" पोरगी खरोखर घाबरली होती, झोपेना.

मग आम्ही आमची गोष्ट काढली. 11 डिसेंबर 1967, पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटे. आमच्यातले एक भायखळ्याच्या चाळीत, दुसरे अलिबागकडच्या गावी. दोघांची झोप एकाच धक्क्याने उडाली. फळीवरची भांडी खाली, माणसे अंगणात. मागाहून कळले, कोयनानगर पडले, सुमारे 180 माणसे गेली. कोयना धरणात 1962 पासून पाणी साठले, तेव्हापासून लहान धक्के बसतच होते. हा मात्र 6.3 चा.

नंतर भूशास्त्रज्ञ तिथे गेले. दोणीचा वाडा गावाजवळ जमिनीला तिरक्या भेगा पडल्या होत्या, त्या त्यांनी नकाशावर घेतल्या. हे काम पायी चालून करायचे. टेप, होकायंत्र आणि वही घेऊन भेगेची दिशा, लांबी, रुंदी लिहायची. शिवाय आधी सरळ असलेली वस्तू शोधायची, म्हणजे शेताचा बांध, कुंपण, रस्ता. ती भेगेवर तुटून किती सरकली, ते मोजायचे. घाईही करावी लागते. एक पावसाळा, एक नांगरणी झाली की भेग बुजली!

बालदोस्तांनो, तुम्हीही करून बघा. आम्ही टेबलावर दोन वह्या जोडून ठेवल्या, दोन्हींवरून एक आडवी रेघ मारली आणि वह्या एकमेकींना घासत सरकवल्या. रेघ तुटली. "पलीकडची वही डावीकडे गेली ना? आता तिकडून बघ." तिकडूनही डावीकडेच! कोयनेची भेग अशी डावी.

आणि आपल्या इस्रायलची? तीही डावीच. गेशेर बनोत याकोवजवळ यार्देनच्या काठी क्रुसेडरांनी 1178 साली किल्ला बांधायला घेतला. 1202 च्या भूकंपात त्याची भिंत भेगेवर तुटली. आज तिचे दोन तुकडे एकमेकांपासून सुमारे 2.1 मीटर सरकलेले दिसतात. त्यातला बहुतेक भाग त्या एकाच भूकंपाचा. भिंतीनेच माप जपून ठेवले.

"मग इथे?" नातीने विचारलेच. खोटे सांगितले नाही. क्वेबेकमध्येही भूकंप होतात. 25 नोव्हेंबर 1988 चा सागने भागातला 5.9 चा धक्का मॉन्ट्रियलपर्यंत जाणवला, मऊ चिकणमातीवरच्या एका नगरभवनाचे नुकसानही झाले. पण इथे हालचाल बहुधा खूप खोल होते. वर भेग उमटलेली दिसली ती 1989 साली, दूर उत्तरेला उंगावामध्ये. म्हणून भेगेला भ्यायचे नाही, हादरा बसला की टेबलाखाली बसायचे. तिने लगेच बसून दाखवले, आम्हालाही बसवले. गुडघे कुरकुरले! त्या रात्री पोरगी शांत झोपली.

वाचकहो, 1967 ची ती पहाट आठवणारे आता आपल्यात थोडेच उरले. भेगा तर कधीच नांगरल्या गेल्या. नातवंडांना जवळ बसवा आणि तुम्ही तेव्हा कुठे होता, ते आजच सांगा.